समुद्रात तेल सांडले, तर मुंबईकराने दार कोणाचे ठोठवायचे?

खाडीकाठ (धागाकर्ता)

७ ऑगस्ट २०१० या दिवशी शनिवार होता. सकाळी जवाहरलाल नेहरू बंदरातून निघालेले 'एमएससी चित्रा' आणि मुंबई बंदराकडे येत असलेले 'खलिजिया ३' ही दोन मालवाहू जहाजे बंदराच्या तोंडाशी एकमेकांवर आदळली. चित्रा एका अंगावर कलंडले, शेकडो कंटेनर पाण्यात पडले, जहाजावरच्या काही कंटेनरांत कीटकनाशके होती, आणि इंधनाच्या टाक्यांतले सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेले. दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. तवंग भरतीबरोबर घारापुरी, उरण, वाशीची खाडी आणि अलिबागपर्यंत जाऊन पोहोचला.

आठवड्याभराने मी महाविद्यालयातल्या मुलांना घेऊन उरणच्या बाजूच्या एका खाजणात गेलो होतो. ओहोटी लागली होती. तिवरांची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलीसारखी उभी असतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांच्या डोळ्यांपुढे चित्र उभे राहील. त्यांतल्या प्रत्येक मुळावर, भरतीचे पाणी जिथवर चढते तिथवर, काळा चिकट थर बसला होता. मी एक मूळ फडक्याने पुसले. तेल निघाले, पण ज्या बारीक छिद्रांतून ते झाड हवा घेते ती बुजलेलीच राहिली. पुढच्या वर्षी पावसाळ्यापूर्वी त्याच जागी गेलो, तेव्हा वरवर सारे स्वच्छ झालेले होते. टाच रोवली की खड्ड्यात जमणाऱ्या पाण्यावर मात्र तेलाचे रंग पसरत होते.

तेव्हापासून मी एकच प्रश्न विचारत आलो आहे, आणि तोच या धाग्याचा विषय आहे. जहाजांची टक्कर का झाली याची चौकशी नौवहन महासंचालनालय करते. समुद्रावरचे तेल आवरण्याची जबाबदारी तटरक्षक दलाची असते, कारण १९९६ च्या राष्ट्रीय तेलगळती आपत्ती आराखड्याने ते काम त्यांच्याकडे दिले आहे. बंदराच्या हद्दीत बंदराने पाहायचे, किनाऱ्याला लागलेले तेल जिल्हा प्रशासन आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाहायचे, तिवरे वनखात्याने आणि मासळी मत्स्यव्यवसाय विभागाने. त्या ऑगस्टमध्ये या खात्यांतली माणसे रात्रंदिवस राबली, आणि त्यांच्या कष्टांबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. तरीही खाजणातल्या त्या चिखलाचे पुढे काय झाले, हे संपूर्णपणे सांगण्याची जबाबदारी यांपैकी एकाचीही नव्हती.

जहाज निदान निघून जाते. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर 'मुंबई हाय' आहे. तिथे १९७४ मध्ये तेल सापडले, १९७६ पासून ते काढले जात आहे, आणि समुद्रतळावरच्या वाहिन्या ते उरणला आणतात. मे १९९३ मध्ये त्यांतलीच एक मुख्य वाहिनी फुटून हजारो टन तेल समुद्रात गेले होते. म्हणून अपघात झाल्यावर कोण धावून येतो याच्याइतकेच, अपघात होण्यापूर्वी विहिरीवर आणि वाहिनीवर नजर कोणाची असते, हेही विचारले पाहिजे.

इथे अमेरिकेतले उदाहरण जरा तपशीलाने मांडतो. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या विहीर खोदणाऱ्या रिगवर स्फोट झाला, ११ कामगार मृत्युमुखी पडले आणि सुमारे दीड किलोमीटर खोल तळावरची विहीर ८७ दिवस वाहत राहिली. विहीर बीपीची, रिग ट्रान्सओशनची आणि सिमेंटचे काम हॅलिबर्टनचे. या तिन्ही कंपन्यांनी एकमेकांकडे बोटे दाखवली, ते सर्वांना आठवत असेल. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते तिथल्या सरकारी खात्याचे वर्तन. 'मिनरल्स मॅनेजमेंट सर्व्हिस' नावाचे एकच खाते तेल काढण्यासाठी समुद्रातले पट्टे कंपन्यांना भाड्याने देत असे, त्यावरची रॉयल्टी गोळा करत असे आणि त्याच कंपन्यांच्या सुरक्षेची तपासणीही करत असे. जितके अधिक तेल निघेल तितका अधिक महसूल, आणि जितकी कडक तपासणी तितका उत्पादनाला उशीर. एकाच खात्याला ही दोन्ही कामे दिली, तर त्याचा कल कोणत्या बाजूला राहील हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. आखातासाठी बीपीने सादर केलेल्या आणि या खात्याने मान्य केलेल्या गळती-आराखड्यात वॉलरसचे रक्षण करण्याचा उल्लेख होता. वॉलरस हा ध्रुवीय समुद्रातला प्राणी आहे, आणि मेक्सिकोच्या आखातात तो आढळत नाही. याचा अर्थ तो कागद कोणी नीट वाचलाच नव्हता. अपघातानंतर हे खाते मोडले गेले, आणि ऑक्टोबर २०११ पर्यंत महसूल, पट्टे आणि सुरक्षा ही तीन कामे तीन वेगवेगळ्या कार्यालयांकडे गेली.

ब्रिटन हाच धडा बावीस वर्षे आधी शिकला होता. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या 'पायपर अल्फा' या तेल काढण्याच्या फलाटावरील अपघातात १६७ माणसे गेली. न्यायमूर्ती कलन यांच्या चौकशीनंतर समुद्रातल्या सुरक्षेचे काम ऊर्जाखात्याकडून काढून स्वतंत्र आरोग्य व सुरक्षा यंत्रणेकडे देण्यात आले. नॉर्वेने २००४ मध्ये कोणत्याही मोठ्या अपघाताची वाट न पाहता तेलसाठ्यांचे व्यवस्थापन आणि सुरक्षा ही दोन कामे वेगळी केली.

आपल्याकडे समुद्रातल्या तेलकामाच्या सुरक्षेवर देखरेख करतो तो तेल उद्योग सुरक्षा संचालनालय, म्हणजे ओआयएसडी. तो पेट्रोलियम मंत्रालयाखाली येतो. ओएनजीसी त्याच मंत्रालयाखाली येते. देशाचे तेल-उत्पादन वाढवण्याची जबाबदारीही त्याच मंत्रालयावर आहे. तपासणारे अधिकारी बहुतांशी तेल कंपन्यांतून प्रतिनियुक्तीवर येतात आणि मुदत संपली की परत जातात. मी कोणाच्याही प्रामाणिकपणावर शंका घेत नाही. परंतु ज्याला उद्या त्याच कंपनीत वरिष्ठांसमोर उभे राहायचे आहे, त्याच्यावर आज तिचे काम थांबवण्याची वेळ आणणे हे त्या माणसावरही अन्यायकारक आहे. ही देखरेख पेट्रोलियम मंत्रालयाबाहेर, संसदेला थेट उत्तरदायी असलेल्या यंत्रणेकडे गेली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. या क्षेत्रात काम केलेल्यांनी आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी आपापले अनुभव लिहावेत, ही विनंती.

रिगवरचा

धाग्याबद्दल आभार. मी पंचवीस वर्षे समुद्रात काढली, चौदा दिवस वर आणि चौदा दिवस घरी या हिशेबाने, त्यामुळे दोन गोष्टी आतून सांगू शकतो.

पहिली गोष्ट २७ जुलै २००५ ची. आदल्या दिवशी मुंबई पावसात बुडाली होती, म्हणून शहराच्या आठवणीत ही घटना मागे पडली. 'मुंबई हाय नॉर्थ' या समुद्रातल्या तेल काढण्याच्या फलाटावर सोडण्यासाठी एका जखमी स्वयंपाक्याला घेऊन 'समुद्र सुरक्षा' हे जहाज जवळ आले, खवळलेल्या समुद्रात फलाटाला धडकले आणि वायू वाहून नेणाऱ्या राइझर या उभ्या नळीवर आपटले. काही क्षणांत आग लागली आणि दोन तासांच्या आत अख्खा फलाट नाहीसा झाला. २२ माणसे गेली, साडेतीनशेहून अधिक वाचली. ज्यांनी त्या लाटांत उतरून लोकांना ओढून काढले, त्यांच्यापैकी काहींबरोबर मी नंतर काम केले आहे, आणि ते त्या रात्रीविषयी बोलताना आजही खाली पाहतात. समुद्रातल्या तेलकामाच्या सुरक्षेचे स्वतंत्र नियम आपल्याकडे त्यानंतर तीन वर्षांनी, २००८ मध्ये आले. त्याआधी तीस वर्षे आपण तेल काढत होतो.

दुसरी गोष्ट धागाकर्त्यांच्या सूचनेविषयी. तपासणी मंत्रालयाबाहेर जावी हे मला मान्य आहे, पण तेवढ्याने भागणार नाही. ज्याने कधी ड्रिल फ्लोअरवर, म्हणजे रिगवर खोदकाम चालते त्या जागी, पाऊल ठेवले नाही, अशा निरीक्षकाला पाहुण्यासारखे फिरवून परत पाठवणे फार सोपे असते. आल्याबरोबर चहा, मग हेल्मेट, मग कंट्रोल रूममधले पडदे, आणि दुपारच्या हेलिकॉप्टरने परत. विहीर उसळली तर तिचे तोंड बंद करणाऱ्या ब्लोआउट प्रिव्हेंटरची शेवटची दाबचाचणी कधी झाली, ती किती दाबाला झाली आणि कागदावर सही करणारा माणूस त्या वेळी रिगवर होता का, हे तीन प्रश्न विचारायला अनुभव लागतो. प्रतिनियुक्ती बंद करायची असेल, तर स्वतंत्र यंत्रणेला तज्ज्ञ माणसे कंपनीच्या तोडीच्या पगारावर नेमावी लागतील. तो खर्च करण्याची तयारी नसेल, तर दारावरची पाटी बदलेल आणि आत तेच चालू राहील.

कंत्राटांची साखळी हाही विषय या धाग्यात यायला हवा. मे २०२१ च्या तौक्ते वादळात 'पी ३०५' हा कामगारांच्या निवासाचा बार्ज आणि 'वरप्रदा' ही जहाजे ओढणारी टग बुडून ऐंशीहून अधिक माणसे गेली. हवामान खात्याचा इशारा कित्येक दिवस आधी आलेला होता. बार्जचा मालक एक, काम घेणारा कंत्राटदार दुसरा, आणि ज्याच्यासाठी काम चालले होते तो तिसरा. परत फिरण्याचा निर्णय नक्की कोणी घ्यायचा हे वादळाच्या रात्री ठरवायचे नसते, ते कंत्राटाच्या पहिल्या पानावर लिहिलेले असले पाहिजे. तेलगळतीलाही हेच लागू होते.

ऐरोलीकर

वाशी खाडीतल्या त्या दिवसांचा साक्षीदार आहे. रोहित पक्ष्यांच्या हंगामाच्या आधीच ते तेल आले होते. धागा वाचत आहे, चर्चा पुढे चालू राहावी.

धक्क्यावरची

माझी आई भाऊच्या धक्क्यावर पहाटे बोलीत मासळी घेते आणि दादरला नेऊन विकते. आजीही हेच करत असे. खाडीकाठ दादा, आपण खाजणाविषयी लिहिलेत, मला बाजाराविषयी लिहायचे आहे, कारण तेलाचा तवंग पाण्यावर जितके दिवस राहतो त्याहून अधिक दिवस तो गिऱ्हाइकाच्या मनात राहतो.

ऑगस्ट २०१० मध्ये मासे खाऊ नका अशी सूचना निघाली आणि आमची पाटी भरलेली परत येऊ लागली. आईकडची मासळी तेव्हा वेरावळहून बर्फात येत होती, तिचा या तेलाशी काही संबंध नव्हता. हे सांगून ऐकणार कोण? नेहमीची गिऱ्हाइके सुरमईचा कल्ला उचलायची, नाक जवळ न्यायची आणि काही न बोलता पुढे जायची. एक बाई म्हणाल्या, "मावशी, रॉकेलचा वास येतो हो." आईने तोच तुकडा घरी आणून शिजवला आणि आम्ही सर्वांनी खाल्ला. वास येत नव्हता. तरी आई त्या दिवशी जेवली नाही.

भरपाईचे फॉर्म आले तेव्हा ते होडीच्या हिशेबाने आले. होडीचा परवाना क्रमांक, सोसायटीचा सभासद क्रमांक, डिझेलच्या नोंदी. ज्यांची होडी त्यांचे नुकसान, असा त्या कागदाचा सरळ अर्थ होता. मी आईला घेऊन एका सरकारी कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "रोज किती मासळी घेता आणि किती विकता याचा पुरावा काय?" धक्क्यावरची बोली तोंडी होते आणि पैसे हातोहात दिले जातात. आमच्याकडे कागदाचा एक कपटाही नव्हता. साहेबांनी उद्धटपणा केला नाही, पण आम्ही जशा गेलो तशाच परत आलो.

खाडीत पाग टाकणारे, चिखलात हात घालून निवट्या आणि चिंबोऱ्या पकडणारे, कालवे फोडणाऱ्या बायका, बोंबील सोलून वलांडीवर वाळत घालणाऱ्या बायका, यांच्यापैकी कोणाकडेच होडी नसते. तेल आले की सर्वांत आधी काम थांबते ते यांचे. सरकारी देखरेख कोणत्या मंत्रालयाखाली असावी ते आपण जाणकार मंडळींनी ठरवावे. पण जे नुकसान कागदावर मोजलेच जात नाही, ते कोणत्याही मंत्रालयाला दिसणार नाही.

कायदेपान

ताईंचा प्रतिसाद वाचल्यावर कायद्याची बाजू लिहिणे आवश्यक वाटले. मी मुंबईत सागरी दाव्यांचे काम करतो.

जहाजातून झालेली गळती आणि विहिरीतून झालेली गळती यांचे कायदे निरनिराळे आहेत. तेलवाहू जहाजातून तेल सांडले, तर आंतरराष्ट्रीय करारांनुसार मालकाचा सक्तीचा विमा असतो आणि त्यापलीकडे एक आंतरराष्ट्रीय निधीही असतो. चित्रासारख्या मालवाहू जहाजाच्या इंधनासाठी वेगळा करार आहे, आणि तिथे जहाजाच्या आकारमानावरून मालकाच्या दायित्वाला कमाल मर्यादा पडते. नुकसान कितीही मोठे असो, सामान्यतः भरपाई त्या मर्यादेत बसवावी लागते. समुद्रातल्या विहिरीसाठी मात्र असा जागतिक करारच अस्तित्वात नाही. तिथे सारे त्या त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून राहते.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण १८ ऑक्टोबर २०१० पासून सुरू झाले, म्हणजे चित्राच्या अपघातानंतर सव्वादोन महिन्यांनी. त्याच्या कायद्यातली दोन कलमे प्रत्येक किनारवासीयाने लक्षात ठेवावीत. कलम १७ प्रमाणे भरपाईसाठी समोरच्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. कलम १५ प्रमाणे भरपाईचा अर्ज पाच वर्षांच्या आत करावा लागतो, आणि पुरेसे कारण दाखवले तर त्यावर साठ दिवस मिळू शकतात. ४ ऑगस्ट २०११ रोजी 'राक कॅरियर' हे जहाज साठ हजार टन कोळसा घेऊन मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर बुडाले. न्यायाधिकरणाने ऑगस्ट २०१६ मध्ये जहाजाच्या कंपन्यांना १०० कोटी आणि कोळशाच्या मालक कंपनीला ५ कोटी रुपये पर्यावरणीय भरपाई भरण्याचा आदेश दिला. प्रादेशिक समुद्राच्या १२ मैलांपलीकडेही आपले अधिकारक्षेत्र आहे असे त्या निकालात ठरले, ही मोठी गोष्ट होती. मात्र पर्यावरणीय भरपाई म्हणजे ताईंच्या आईचे बुडालेले उत्पन्न नव्हे. त्यासाठी ज्याने त्याने स्वतंत्र दावा करावा लागतो.

राज्य सरकारने पुढाकार घेतला तर काय होऊ शकते, हे केरळने दाखवले. २५ मे २०२५ रोजी 'एमएससी एल्सा ३' कोचीजवळ बुडाल्यावर केरळ सरकारने २०१७ च्या सागरी दावे कायद्याखाली ९,५३१ कोटींचा दावा लावला आणि त्याच समूहाचे दुसरे जहाज न्यायालयाकडून अडकवून ठेवले. न्यायालयाने पुढे १,२२७ कोटींहून अधिक रकमेची हमी मागितली. जहाज एकदा हद्दीबाहेर गेले की कागदावरच्या निकालाची वसुली अवघड असते, म्हणून हमी आधी घेणे हेच खरे.

खाडीकाठ (धागाकर्ता)

रिगवरचा काका, तज्ज्ञांच्या पगाराचा मुद्दा मी मूळ लेखात घ्यायला हवा होता. तो मला पूर्णपणे मान्य आहे.

ताई, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. मोजणीचा जो मुद्दा तुम्ही मांडलात तो मेक्सिकोच्या आखातातही निर्णायक ठरला होता. सुरुवातीला दिवसाला १,००० पिंपे तेल वाहते असे सांगितले गेले, मग ५,००० असे, आणि शेवटी सरकारी शास्त्रज्ञांचा अंदाज आरंभी दिवसाला ६२,००० पिंपांवर गेला. तिथला दंड सांडलेल्या पिंपांवर आकारला जातो, त्यामुळे प्रत्येक आकड्यामागे पैसा होता. एकूण गळती सरकारच्या मते ४९ लाख पिंपे होती. कंपनीने गोळा केलेले तेल वगळून न्यायालयाने दंडासाठी सुमारे ३२ लाख पिंपे धरली. आपल्याकडे जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईजवळ एन्नोरच्या समुद्रात दोन जहाजे आदळली, तेव्हाही आरंभी गळती नगण्य असल्याचे सांगितले गेले, आणि नंतर शेकडो माणसे बादल्यांनी तेल उपसताना साऱ्या देशाने पाहिली. म्हणून मी माझ्या मागणीत एक भर घालतो: गळतीची मोजणी कधीही गळती करणाऱ्याने किंवा त्याच्याच मंत्रालयाने करू नये.

ऑस्ट्रेलियाच्या 'माँतारा' विहिरीचे उदाहरणही आपल्याला जवळचे आहे. ऑगस्ट २००९ पासून ती ७४ दिवस वाहिली, आणि समुद्रापलीकडच्या इंडोनेशियातल्या सुमारे १५,००० शेवाळ-शेतकऱ्यांचे पीक गेले. तेल तुमच्यापर्यंत आलेच नाही, असा कंपनीचा बचाव होता. शेतकऱ्यांनी आधी पीक किती यायचे आणि नंतर किती आले हे साक्षीपुराव्यांनी न्यायालयाला पटवले, आणि २०२२ मध्ये १९.२५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांवर तडजोड झाली. त्यात तेरा वर्षे गेली.

तेल येण्यापूर्वीच्या नोंदी आपल्याकडे असल्या पाहिजेत, हे यातून मी घेतो. येत्या अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला मी विद्यार्थ्यांसह त्याच खाजणात जाणार आहे. ठरावीक चौकटीतली श्वसनमुळे, चिंबोऱ्यांची बिळे आणि चिखलाचे नमुने यांची नोंद दर तीन महिन्यांनी करायची असे ठरवले आहे. डांबराचे गोळे सापडले, तर ते प्लास्टिकऐवजी काचेच्या बाटलीत, तारीख आणि जागा लिहून ठेवायचे, म्हणजे तेल कुठले हे प्रयोगशाळेत ओळखता येते. सोबत यायची इच्छा असलेल्यांनी इथेच कळवावे.

ऐरोलीकर

मी येतो. घरी दुर्बीण आणि जुन्या पक्षीनोंदींच्या वह्या आहेत, २००८ पासूनच्या.

धक्क्यावरची

काल आईला हा धागा वाचून दाखवला. ती आज धक्क्यावर जाताना माझ्या मुलाची उरलेली शंभरपानी वही घेऊन गेली. पहिली नोंद अशी आहे: मांदेली दोन टोपल्या, करंदी एक, बोंबील मिळाला नाही. वकीलसाहेब, तिने बोलीचा भाव लिहायचा की दादरच्या विक्रीचा?

कायदेपान

दोन्ही लिहा, ताई. रोजची तारीख घाला, पाने फाडू नका, खाडाखोड झाली तर ती तशीच राहू द्या, आणि महिन्यातून एकदा सोसायटीच्या सचिवांची सही आणि शिक्का घ्या.